दाराबाहेरची झोप

बसमध्ये एका मुलीने उठून जागा दिली, एवढंच झालं. ताश्कंदात वयाने मोठ्या बाईला कोणीही उठून जागा देतं, आणि सनोबर अठ्ठेचाळीस वर्षांची, दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून शनिवारच्या लग्नातल्या पडद्याची चंदेरी झालर बाहेर डोकावतेय; अशा बाईला बघून न उठणाराच निराळा. पण मुलगी म्हणाली, "बसा, यंगा." आणि सनोबर बसता बसता अर्ध्यावरच थांबली, गुडघे वाकलेले, पाठ अजून टेकलेली नाही. यंगा म्हणजे तशी साधी वहिनी. भाजीवाल्या म्हणतात, शेजारच्या सुना म्हणतात. पण हा शब्द या आवाजात तिने याआधी एकदाच मनापासून म्हटलेला ऐकला होता, आणि तेव्हा तो बंद दाराच्या पलीकडून आला होता.

"मोहिरा?"

"ओळखलंत."

"न ओळखायला काय झालं. बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"घरचे?"

"घरी मी आणि आई." वरचा दांडा धरून मोहिरा बोलत होती. सत्तावीस वर्षांची असेल आता. लग्न होऊन दोन वर्षांत परत आली, हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं; का आली, ते कोणी विचारलं नव्हतं. "झालर कुणासाठी?"

"आमच्या हुल्कारसाठी. मोठ्या दिरांची मुलगी. परवा लग्न."

"सोबत जाणारी यंगा तुम्हीच?"

"मीच. दुसरं कोण."

मोहिराने मान हलवली. बस वळली, सगळे एका बाजूला झुकले, परत सरळ झाले. मग तिने अगदी सहज, म्हणजे दुकानात भाव विचारावा तसं विचारलं, "यंगा, त्या रात्री तुम्हाला झोप लागली होती ना?"

"हो," सनोबर म्हणाली.

"मला वाटलंच." मोहिरा हसली. टोमणा मारून हसावं तसं नाही. पायातला काटा निघाल्यावर माणूस हसतं तशी हसली. "दमला असाल दिवसभराच्या. मी आईला तेच म्हणते." थांबा आला, ती उतरली, खालून हात केला.

हो.

सनोबरचा थांबा मागे गेला. त्याच्या पुढचाही गेला. मोहिराने सात वर्षं स्वतःच्या हाताने शिवलेली एक सबब तिच्यापुढे धरली होती, आणि तिने ती अंगात घालून पाहिली, आणि ती अगदी मापाची निघाली. झोप लागली होती. कोण दोष देईल? यंगा पहाटेपासून राबते. नवरीला सजवायचं, तिच्याबरोबर सासरी जायचं, खोलीतल्या कोपऱ्यात पडदा टांगायचा, त्यामागे बिछाना घालायचा, नवरानवरीला एकाच आरशात पाहायला लावायचं, दोघांना एकाच चमच्याने मध चाटवायचा, आणि मग दिवा मंद करून, दार ओढून घेऊन, दाराबाहेर स्वतःची गादी टाकायची. सकाळी बिछान्यावरचा पांढरा कपडा उचलून त्यावरचा डाग सासूला नेऊन दाखवायचा. दोन्हींच्या मधली रात्र यंगाची. त्या रात्री आतून काय ऐकू येईल ते ऐकायचं आणि ऐकलं नाही असं समजायचं. सनोबरच्या लग्नात यंगा होती ती रोबिया यंगा म्हणायची, दाराबाहेर बसणाऱ्या बाईला देवाने कान दिलेत ते फक्त कानातली अडकवायला.

त्या रात्री आतून दोनदा ठोठावलं होतं मोहिराने. मुठीने नाही. बोटाच्या पेराने, न्हाणीघर रिकामं आहे का ते बघायला वाजवावं तसं. आणि मग दाराच्या फटीशी तोंड आणून: "यंगा. जाग्या आहात?"

सनोबर जागी होती. टक्क जागी. छताची एक पट्टी उखडलेली होती, त्या पट्टीकडे ती पाहत होती.

आता इथे कोणी म्हणेल, घाबरली असेल. परक्यांचं घर, नवऱ्यामुलाकडची माणसं अंगणात, रीत मोडली तर दोन्ही घरांची नाचक्की. हे सगळं खरंच आहे आणि यातलं काहीच खरं नाही. बस शेवटच्या थांब्याला पोचली, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, "अम्मा, इथून पुढे फक्त कापसाची शेतं आहेत," असं म्हणून तो चहा प्यायला उतरला, आणि रिकाम्या बसमध्ये झालर मांडीवर घेऊन सनोबरने पहिल्यांदा ते स्वतःशी नीट म्हणून पाहिलं. तिला यंगा होणं आवडायचं. मोहल्ल्यात लग्न ठरलं की ती वाट पाहायची, कोणी बोलवायला येतंय का. सनोबरचा हात मऊ आहे, जीभ गोड आहे, पायगुण चांगला आहे, अशी ख्याती झाली ती उगाच नाही. ख्याती तिने कमावली होती. कारण सत्तावीस वर्षांत नवऱ्याने, तुर्गुनने, तिला माहेरी एक रात्र राहू दिलं नव्हतं. आई गेल्यावर तिच्या चाळिसाव्या दिवसाला सुद्धा संध्याकाळी गाडी घेऊन दारात हजर. पण यंगा म्हणून बोलावणं आलं की त्याला नाही म्हणता यायचं नाही. तो मान होता. त्याच रात्री काय ते ती एकटी झोपायची. परक्या घराच्या थंड ओसरीवर, परक्या दाराला पाय लावून, रजई गळ्यापर्यंत ओढून, अंगाला कोणाचाही हात न लागता. अशा अकरा रात्री. आत कोणी रडत असो, हसत असो, बाहेर तिचं अंग तिचं असायचं. आणि मोहिराने दार वाजवलं तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते भय नव्हतं, ते होतं: माझी झोप मोडतेय ही.

आणि मागोमाग दुसरं, त्याहून वाईट: माझ्या रात्री मी नव्हतं ठोठावलं.

ती उतरली आणि परतीच्या बसची वाट न पाहता चालू लागली. जून लागला होता, डांबर मऊ झालं होतं. आज दुपारी हुल्कारपाशी बसून तिला "सगळं सांगायचं" होतं. तेही यंगाचंच काम. काय सांगायचं?

हुल्कार बाळा, नवरा म्हणजे —

नाही.

हुल्कार, पहिल्यांदा दुखतं, पण सहन —

हे तर मुळीच नाही. हे ती अकरा जणींना म्हणाली होती, मधाच्या वाटीत चमचा ढवळत. तोंडपाठ होतं. रोबिया यंगाने तिला सांगितलेलं, तिने पुढे सांगितलेलं, पाण्याची बादली हातोहात सरकवावी तसं, आणि बादलीत काय आहे ते कोणीच वाकून पाहिलं नव्हतं.

तुर्गुन वाईट माणूस नव्हता. हे वाक्य तिच्या मनात आपोआप यायचं, शिंकेनंतर "अल्ला" यावं तसं. मारलं नाही कधी. दारू बेताची. दुकानात फ्रीज दुरुस्त करायचा, हाताला अक्कल होती, मुलगा कोरियात कामाला गेला त्या दिवशी विमानतळावर ढसढसा रडला. पण त्या रडण्यानंतर घरी येऊन त्याने बूट सुद्धा काढले नव्हते. मागल्या खोलीतून हाक आली: "सनोबर." ती हाक. एक विशिष्ट हाक होती, तिच्यात नाव असायचं पण बाई नसायची. दुकानात गिऱ्हाईक ओरडलं, हाक. मुलाला ताप आला, हाक. त्याच्या वडिलांना पुरून आले त्या दुपारी अंगणात चाळीस माणसं जेवणाच्या दस्तरखानाभोवती बसलेली, ती पोळ्यांचं पीठ मळत होती, आणि हाक. ती गेली. हात पिठाने भरलेले म्हणून ते दोन्ही बाजूंना उंच धरून ठेवले होते, त्याच्या काळ्या अंगरख्याला पीठ लागू नये म्हणून. तो तिच्या खांद्यापलीकडे भिंतीकडे पाहत होता. झाल्यावर उठून, नको ते खाल्ल्यावर माणूस ताट ढकलतो तसा, तिच्याकडे न बघता निघून गेला आणि बाहेर लोकांना चहा ओतू लागला. तिने हात धुतले. पीठ तोवर वाळलं होतं.

जिभेखाली तंबाखूची हिरवी चिमूट धरतात, तशी तो तिला धरायचा. चव म्हणून कोण धरतं तंबाखू? हात थरथरायला लागतात म्हणून. गेल्या काही वर्षांत त्यात फोनची भर पडली होती. न्हाणीघरात फोन घेऊन जायचा, नळ सोडून द्यायचा, अर्धा अर्धा तास पाणी वाहायचं. पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला राग येईल असं वाटलं होतं; आला तो सुटकेचा श्वास, आणि त्या सुटकेचीच मग महिनाभर लाज वाटत राहिली. पण फोनने काही कमी झालं नाही, उलट वाढलं. बाहेर यायचा तो आणखी रिकामा होऊन. नळाचं पाणी तिला अजून रात्री कानात ऐकू यायचं, नळ बंद असताना.

हे प्रेम नव्हतं हे तिला कळायला एक दुपार कारणीभूत होती. नसती तर बरं झालं असतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ते पार्केंतला त्याच्या आत्याच्या द्राक्षमळ्यावर गेले होते. दिवसभर द्राक्षं तोडली, ऊन उतरल्यावर मांडवाखाली दोघंच होती. तुर्गुन दमला होता, चांगला दमला होता, त्याला त्या दिवशी कशाची भीती नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तोंडाकडे. "थांबू का?" असं मधेच विचारलं, आणि ती नको म्हणाली, आणि आपण नको म्हणालो हे ऐकून तिलाच हसू फुटलं, आणि तो रागावला नाही, तोही हसायला लागला, इतका की दोघांना काही सुधरेना. वर मधमाश्या. नंतर तो तिच्या दंडावर डोकं ठेवून घोरला. तिला वाटलं होतं, अच्छा, म्हणजे हे आहे होय! आता रोज हे. पुढची पंचवीस वर्षं ती त्या दुपारीला अपवाद म्हणत आली. द्राक्षांची नशा असेल. हवा असेल. आज, मऊ डांबरावरून चालताना, तिच्या मनात आलं की अपवाद ती दुपार नसेलच. तेच साधं, निरोगी असेल, आणि बाकीचं सगळं आजारपण. आजारपणाला वय झालं की ते घरातल्या माणसासारखं वाटायला लागतं, एवढंच.

हुल्कार, जो पुरुष तुझ्याशिवाय एक रात्र राहू शकत नाही —

हे वाक्य पुरं करायचं तर त्यात तुर्गुनचं नाव येणार होतं. हुल्कारच्या सख्ख्या काकाचं. परवा मांडवात नवरीच्या डोक्यावर हात ठेवून जो आशीर्वाद देणार, त्याचं.

थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात बायका गाजरं चिरत बसल्या होत्या. जाऊबाई, बार्नो, दारातच ओरडल्या, "आली का महाराणी! झालर आणायला गेली होतीस की झालर विणायला?"

"बस पुढे गेली, जाऊबाई."

"बस पुढे जाते, माणसानं उतरायचं असतं. ये." त्यांनी तिच्या हातात एक घडी दिली. पांढरा सुती कपडा, नवा, खळीचा वास येणारा. "हा तुझ्याकडे. आणि पोरीला नीट सांग सगळं. दातांच्या कॉलेजात शिकते म्हणून तिला वाटतं आपल्याला सगळं कळतं. दात मोजून संसार होतो का?"

"आणि शनिवारी रात्री तुर्गुनला कोण सांभाळणार?" गाजरवाल्यांपैकी एक म्हणाली.

"त्याला झोपेचं औषध देऊन येईल ती."

"बायको दाराआड गेली की गडी तहानेला होतो, बाई! असा नवरा मिळायला पुण्याई लागते. आमचा मेला, मी महिनाभर माहेरी गेले तर परत आल्यावर विचारतो, कोण पाहिजे?"

सगळ्या हसल्या. सनोबरही हसली. सत्तावीस वर्षं हा विनोद ऐकून ती योग्य जागी हसायला शिकली होती.

हुल्कार मागच्या अंगणात होती, चेरीच्या झाडाखालच्या लाकडी मंचावर, मांडीत वाडगा, केसांना कसला तरी लेप. बावीस वर्षांची. तोंड चेरींनी लाल. "या काकू, या. व्याख्यान का? मी वही आणू?"

"आगाऊपणा पुरे."

"शरीर मला माहीत आहे, काकू. दुसऱ्या वर्षाला होतं. चित्रांसकट." तिने चेरीची बी फुंकून उडवली. "जसुरला माहीत आहे की नाही देव जाणे. बिचारा इतका लाजतो. परवा विचारतो, हात धरू का? मी म्हटलं, आधी धुऊन ये, मघाशी समोसा खाल्लास त्याच हाताने? तर खरंच धुऊन आला."

"विचारलं त्याने?"

"हो ना. हसू आलं मला."

"मग? धरलास?"

"धरला की." हुल्कारने वाडग्यात नजर घातली, आणि तिच्या गालावर जे आलं ते चेरीचं नव्हतं. सनोबरला मत्सर वाटला. पुतणीचा, त्या समोसाखाऊ पोराच्या ओल्या हाताचा. तिने मत्सराला ओळखलं, आणि बसू दिलं शेजारी.

"घाबरतेस का?"

"थोडीशी. मला हवं पण आहे, आणि भीती पण वाटते. दोन्ही एकदम असतं का हो?"

"असतं." सनोबरने कपड्याची घडी मंचावर ठेवली. "हवंसं वाटण्याची लाज नको धरू. मला कोणी हे सांगितलं नाही म्हणून सांगते. ते तुझं आहे, त्याच्या आईचं नाही, मोहल्ल्याचं नाही. आणि नको वाटलं तर तेही तुझंच."

"मग यंगा लोक सांगतात ते? सहन कर वगैरे?"

"ते खोटं आहे. दुखायला लागलं तर थांब म्हण. थांबला तर माणूस. आणि थांबल्यावर तोंड पाडून बसला नाही तर आपला माणूस." ती बोलत होती आणि वाक्यं कुठून येताहेत हे तिला समजत नव्हतं, पार्केंतच्या मांडवाखालून येत असावीत. "त्याने तुझ्या तोंडाकडे पाहिलं पाहिजे. हसू आलं तर हसता आलं पाहिजे. आणि झाल्यावर, हुल्कार, झाल्यावर बघ. आधी होतीस त्यापेक्षा जास्त एकटी वाटलीस तर काहीतरी चुकतंय. एखाद दिवशी चुकेल, माणसं दमतात. पण रोज तसं वाटायला लागलं तर सवय होऊ देऊ नकोस. मला येऊन सांग."

हुल्कारने वाडगा बाजूला केला. मग हसली, मोठं हसली. "काकू, पण मला काय वाटतं सांगू? मला तुमच्यासारखं हवंय. तुमचं आणि तुर्गुन काकांचं. आई नेहमी म्हणते, सत्तावीस वर्षांत काकांनी तुम्हाला एक रात्र लांब ठेवलं नाही. इतकं कोण करतं? जसुर जर म्हातारपणी सुद्धा माझ्यासाठी असा वेडा असेल ना —"

"नको."

"काय?"

पलीकडे गाजरं चिरण्याचा आवाज येत होता. तो बंद पडेल असं सनोबरला वाटलं, पण नाही पडला.

"तसं मागू नकोस. ते प्रेम नाही. त्याला मी नको असते, हुल्कार. त्याला तेवढ्यापुरता स्वतःचा विसर हवा असतो. मी नसले तर फोन चालतो. उद्या फोनही पुरणार नाही." तिचा आवाज इतका शांत होता की तिलाच दुसरं कोणी बोलतंय असं वाटलं. "लांब ठेवत नाही ते जवळ हवी म्हणून नाही. एकट्याला बसवत नाही म्हणून. मी त्या रात्री मोजल्या नाहीत, पण जवळ असं मला एकदाच वाटलं. एका दुपारी."

हुल्कारच्या तोंडातली चेरी तशीच राहिली होती, एक गाल फुगलेला. तिने ती हळूच हातावर काढली आणि ठेवायला काही न दिसल्याने समोरच्या पांढऱ्या घडीवर ठेवली. लाल पाणी सुतात पसरत गेलं. दोघी त्याकडे बघत राहिल्या.

"आईगं," हुल्कार म्हणाली. मग ओठ चावून, "झालं की काम, काकू. आता रात्री सुट्टी."

सनोबरला हसायचं नव्हतं. पण ते आलं, पोटातून, थांबेना. हुल्कारने आणखी दोन चेरी घेतल्या आणि कपड्यावर चिरडल्या, "ही सासूबाईंना, ही आत्तेसासूबाईंना," आणि मग एकदम हसणं थांबवून तिने सनोबरचा हात धरला. "मी ठोठावलं तर उघडाल?"

"उघडेन."

"झोपलात तर?"

"झोपणार नाही." आणि लगेच सनोबरला जाणवलं की याला काही अर्थ नाही. झोपेचा प्रश्न कधी नव्हताच. "ऐक. मोहिराचं लग्न झालं तेव्हा यंगा मी होते. तिने ठोठावलं. मी जागी होते. मी पडून राहिले."

"का?"

"कारण ती माझी झोपायची रात्र होती."

मुलगी तिला मिठी मारेल, निदान "जाऊ द्या" म्हणेल, असं तिच्यातल्या कुठल्या तरी कोपऱ्याला वाटत होतं. हुल्कारने हात सोडला. केसातला लेप वाळून भेगाळला होता, ती त्याचा एक एक तुकडा काढत राहिली, बराच वेळ. "काकू, यंगा तुम्हीच या," ती शेवटी म्हणाली. "मला दुसरी नको. पण मी आतून कडी लावणार नाही."

"नको लावूस."

"आणि चप्पल दाराजवळ ठेवीन."

"ठेव."

घरी पोचली तेव्हा चार वाजले असतील. ऊन अंगणात तिरपं पडलं होतं. तुर्गुन लवकर आला होता. त्याची हत्यारांची पेटी दारात आडवी पडलेली, झाकण उघडं, एक पकड बाहेर. पेटी आडवी पडली असेल तर दुकानात काहीतरी झालेलं असायचं. तिचे पाय हे तिच्याआधी ओळखायचे, आपोआप मागल्या खोलीकडे वळायचे, हात झग्याला पुसले जायचे. आजही वळले. पाच पावलं.

"सनोबर."

ती हाक.

ती खोलीच्या दारापर्यंत गेली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली. तो गादीच्या कडेला बसला होता, पाठमोरा, मानेवर घाम. बावन्न वर्षांचा. मानेवरचे केस पांढरे झालेत हे तिने इतक्यांदा पाहिलं असून पाहिलं नव्हतं.

"काय झालं दुकानात?"

"काही नाही. ये."

"आत्ता नको."

तो वळला. "बरं नाही का?"

"बरी आहे. नको आहे, एवढंच." भाजीवाल्याला मुळे नको म्हणावं तसं निघालं ते तोंडातून. इतकं छोटं वाक्य होतं. एवढ्या वर्षांत तिने त्याला किती मोठं करून ठेवलं होतं.

तो हसला, मग चेहरा उतरला, मग लाल झाला, मग उठला. ती मागे सरली नाही. तो दोन पावलं आला आणि थांबला, कारण ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती आणि असं पाहणाऱ्या बाईचं पुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

"त्या पोरीला काय सांगितलंस?" त्याने विचारलं. कुठून कळलं त्याला? कळलं नव्हतं. नुसताच दगड मारून बघत होता.

"खरं सांगितलं."

"काय खरं?"

ती उत्तर देणार होती. आपण तिला जे म्हणालो ते शब्दाला शब्द सांगायचं तिने ठरवलं होतं, वाटेतच ठरवलं होतं. पण तिच्या तोंडून दुसरंच आलं. "मला रोबिया यंगाने सांगितलं होतं, सहन कर. लग्नाच्या रात्री तुम्हाला कोणी काय सांगितलं होतं?"

"हे काय आता?"

"तुम्ही आत आलात तेव्हा तुमचे हात बर्फासारखे होते. मला आठवतं."

बाहेर कुठेतरी पोरं चेंडू भिंतीवर मारत होती. तो परत गादीच्या कडेला बसला, पण या वेळी पाठमोरा नाही. हात गुडघ्यांवर ठेवले, उघडे, कोणाला तरी नखं दाखवावीत तसे.

"अंगणात वीस जण बसले होते," तो म्हणाला. "मला ओकारी झाली होती. मोरीत. मोठ्या मामांनी पाहिलं. मानेला धरलं मला. म्हणाले, भीती वाटतेय ना, मग आत शीर. बाहेर येशील तेव्हा भीती राहणार नाही." त्याने नाक पुसलं. "औषध आहे म्हणाले, पुरुषाचं. केव्हाही घे."

हे सगळं माफ करावं असं त्यात काही नव्हतं. तरी तिच्या आतून ती जुनी कीव उठली, जी आजवर तिच्याच पायांनी चालत त्याच्यापर्यंत जायची. सनोबरने चौकट घट्ट धरली आणि ती कीव उभीच राहू दिली, आपल्या शेजारी, दारात.

"आणि?" तिने विचारलं. "जाते का भीती?"

त्याने खूप वेळ विचार केला. कंप्रेसर बिघडला की तो असा विचार करायचा, कान लावून, डोळे मिटून.

"जाते," तुर्गुन म्हणाला. मग डोळे उघडून: "थोडा वेळ."

ती दारातच उभी राहिली. आत गेली नाही.